दिनविशेष : १० ऑक्टोबर
रिकाम्या भिंतींची मैफल

१० ऑक्टोबर १९३९. युद्धामुळे लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रे हलवली गेली होती. त्या ओक्याबोक्या दालनात भर दुपारी मायरा हेस पियानोला बसल्या. तिकीट एक शिलिंग. दारापुढे ही रांग! बॉम्ब पडू लागल्यावर मैफल तळघरात गेली, बंद पडली नाही. एप्रिल १९४६ पर्यंत जवळपास १,७०० मैफली झाल्या.

लढाई जर्मनीशी होती, तरी हेसबाईंनी बाख, बेथोव्हेन वगळले नाहीत. शत्रुदेशाचा कलावंत म्हटला की आधी कार्यक्रम रद्द करणाऱ्या आजच्या आयोजकांनी ही तारीख लिहून ठेवावी. जेवणाच्या सुट्टीत कचेरीतून उठून मैफलीला जाण्याची सोय मात्र लंडनकरांना आजही आहे. तेव्हा गॅलरीत सँडविचही मिळे.