माळवदावरचे ऊन

मराठवाड्यातल्या माणसापुढे उन्हाचे कौतुक करू नये. परभणीहून पूर्णेकडे जाताना पिंगळी हे लहानसे स्टेशन लागते. तेथे वैशाखात उतरणारा पाहुणा आधी सावली शोधतो, मग यजमान! तरीही याच उन्हाकडून आमच्या आया-आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काम करून घेतले. माळवदावर कुरडया-सांडगे घालून राखणीला एखादे पोर बसवले, की बाकीचे सूर्यनारायण पाहून घेई.

पण हाच सूर्य यंत्रही चालवील, हे दाखवणारा एक जुना प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे, आणि त्यासाठी वाचकांना मी मुंबईच्या कुलाब्यात नेणार आहे. विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तेथे बंगल्याच्या आवारात सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडले, त्यांचे ऊन पाण्याच्या बंद भांड्यावर एकवटले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला. त्याच्या सूर्यचुलीवर सात शिपायांचे जेवण दोन तासांत शिजले. १८७८ साली त्याने या विषयावर पुस्तकही लिहिले. उष्ण देशांत इंधनाचे काम ऊन करील, असा त्याचा दावा होता. पुढे कोळशाचे राज्य आले आणि ते आरसे विस्मृतीत गेले.

आमच्या शेजारी परळीला १९७१ पासून कोळशावर वीज होऊ लागली. मात्र अशा केंद्राला कोळशाइतकीच पाण्याचीही गरज असते. २०१५ च्या दुष्काळात पाण्यावाचून परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. डोक्यावर ऊन रणरणत होते, आणि विजेचे केंद्र तहानेने थांबले होते! ॲडम्सचा हिशेब मला त्या वर्षी नव्याने पटला.

आता आरसे नकोत, वाफही नको. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकनचा सौरघट दाखवला. उन्हाची थेट वीज करणारी आजची पाटी त्याच घराण्यातली. एक किलोवॅटच्या संचाला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडे तो दिवसाला सरासरी चार युनिटे देतो. २०२४ साली केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी योजना जाहीर केली; तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले.

यात जादू नाही. पाटी फार तापली की वीज थोडी घटते, धूळ पुसावी लागते, आणि रात्री तारेवरच्या विजेचाच आधार. जुन्या माळवदाची लाकडे तर आधी तपासून घ्यावीत.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ऊन सर्वांचे असले, तरी छप्पर सर्वांचे नसते. पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या शेतमजुराने पाटी कोठे मांडावी? शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर सामाईक संच बसवून त्याचा वाटा त्याच्या बिलात वळता करता आला, तरच हा हिशेब पुरा होईल. ॲडम्सचे आरसे स्वस्त कोळशाने हरवले. आमच्या पाट्या निदान आपपरभावाने हरू नयेत.