मैलांची कसोटी

अमरावतीच्या राजापेठेंतील आजाऱ्यास डफरीन किंवा इर्विन रुग्णालय गांठण्यास रिक्षाचा एक फेरा पुरतो. हीं नांवें व्हाइसरॉयांच्या घराण्यांचीं. परंतु शहराच्या तोंडीं तीं केव्हांच घरचीं झालीं आहेत. याच जिल्ह्यांत धारणी तालुका आहे. तेथून हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असा घाट उतरून या रुग्णालयांपर्यंत यावयाचें म्हणजे दीडशें किलोमीटरांच्या आसपासची वाट. एकाच जिल्ह्यांतील दोन रुग्णांमधलें हें अंतर भूगोलाचें वाटतें. लोककल्याणाच्या योजनांचा इतिहास पाहिला म्हणजे तें धोरणाचेंही आहे, असें दिसून येतें.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत सरकारी खर्च आंवरण्यासाठीं लॉर्ड लिटन यांनीं सर रिचर्ड टेंपल यांस दक्षिणेंत पाठविलें. हे टेंपलसाहेब पूर्वीं मध्यप्रांताचे चीफ कमिशनर म्हणून नागपुरास राहून गेलेले. त्यांचें म्हणणें असें कीं, मदत सुखाची झाली तर गरज नसलेलेही हात पसरतील. म्हणून ती अवघड ठेवावी. मजुरास दिवसाला एक पौंड धान्याची किंमत व वर थोडी रोकड, आणि काम घरापासून कित्येक मैल दूर. खरोखरीचा भुकेला चालत येईल, हा त्यांतील हिशेब. एवढ्या अन्नावर कष्ट करणारा माणूस टिकणार नाहीं, असें मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं बजावलें. मुंबई इलाख्यांत मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू उचलून धरली. मद्रासेंत अखेर दर वाढवावा लागला. पण जो चालूं शकतो तोच पात्र, या कसोटींतून पहिल्यानें कोण गळणार हें सांगावयास कमिशन नको होतें. तान्हें मूल, बाळंतीण आणि म्हातारा हींच तीं माणसें.

पुढें १८८० च्या स्ट्रॅची कमिशनच्या अहवालावरून दुष्काळाचे नियम बांधले गेले, आणि अशक्तांस गांवींच फुकट मदत देण्याची सोय त्यांत आली. काळ्या कसदार जमिनीच्या भरंवशावर निर्धास्त असलेल्या वऱ्हाडासही १८९९-१९०० सालीं या नियमांचा आधार घ्यावा लागला. तरीही मदत ही सरकारची कृपा, ही समजूत कायम होती.

ती मोडण्याचें श्रेय वि. स. पागे यांस द्यावें लागतें. विधानपरिषदेचे सभापति असतांना १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत, विसापूर येथें, त्यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत ती राज्यभर गेली; १९७७ सालीं कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. काम मागणारा याचक न राहतां हक्कदार ठरला. त्यासाठीं पगारदारांवर व्यवसायकर बसला; म्हणजे राजापेठेंतल्या कारकुनाच्या पगारांतून मेळघाटांतल्या बांधाची मजुरी निघूं लागली. २००६ सालीं केंद्राचा कायदा पहिल्या दोनशें जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत अमरावती जिल्हा होता. काम पांच किलोमीटरांच्या आंत द्यावें, न जमल्यास दहा टक्के जादा मजुरी द्यावी, असें त्यांत लिहिलेलें होतें. टेंपलसाहेबांनीं भुकेल्याच्या पायांवर घातलेला मैलांचा भार सव्वाशें वर्षांनीं सरकारच्या तिजोरीवर आला!

औषधोपचाराच्या बाबतींत मात्र हें इतक्या सहज घडलें नाहीं. १९९३ सालीं मेळघाटांतील कोरकू बालकांच्या मृत्यूंनीं महाराष्ट्र हादरला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढें गेलें. मग वाद जुंपला कीं, मूल भुकेनें गेलें कीं आजारानें? सरकारी कागदांत या प्रश्नास मोठें मोल आहे, कारण भूक एका खात्याची आणि आजार दुसऱ्याचा. ज्या मुलाच्या अंगीं रक्तमांस नाहीं त्यास साधा खोकलाही पुरतो, हें कोणत्याही आजीबाईस ठाऊक असतें. त्यांतून पावसाळा म्हणजे घरांतलें धान्य सरलेलें, बाहेरचें काम थांबलेलें आणि नाले भरलेले. डॉक्टर दूर, भूमका शेजारीं. तापल्या लोखंडानें पोटावर डंबा देणारा भूमका घातक खरा. परंतु तो बोलावतांच येतो, आणि हा गुण आरोग्यखात्यास फार उशिरां सुचला.

१९९५ सालच्या नवसंजीवनी योजनेनें रोजगार, धान्य, पोषण आणि आरोग्य या खात्यांस एका दाव्यास बांधलें, आणि डॉक्टरांचीं भरारी पथकें पाड्यापाड्यांवर धाडलीं. त्याआधींच, १९८९ पासून, डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे बैरागडास येऊन राहिलीं होतीं. रोग्यांना औषध देतां देतां तीं दोघें कोरकूंच्या शेतीकडे आणि रेशनकडे वळलीं. सर्वांत मोठा पुरावा गडचिरोलींतून आला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांत तेथल्याच बायकांना नवजात बालकाची शुश्रूषा शिकविली. आधीं हजारीं ६२ नवजात बालकें दगावत. तिसऱ्या वर्षीं तें प्रमाण २५.५ वर आलें. हें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. आशा कार्यकर्तीनें नवजात बाळाच्या घरीं जावें, ही पद्धत देशभर येण्यास २०११ साल उजाडलें. मधलीं बारा वर्षें कशांत गेलीं, याचा जाब कोणी विचारला नाहीं.

तथापि कांहीं मुलांस रुग्णालय चुकत नाहीं. अशा वेळीं घाट उतरण्यास आई का कचरते, याचीं कारणें अज्ञान, अंधश्रद्धा अशीं पुष्कळ लिहिलीं गेलीं. नवसंजीवनींत मात्र एक लहानशी तरतूद घालण्यांत आली. आजारी मुलापाशीं आई रुग्णालयांत राहील तितके दिवस तिला जेवण द्यावें आणि रोजाची भरपाई द्यावी. दप्तरांत तिचें नांव आहे ‘बुडीत मजुरी’.