सिस्टरबाईची शेगडी

आपल्या चळवळीचा इतिहास लिहायला बसलो की आपण तारखांपासून सुरू करतो. महाड १९२७. येवला १९३५. नागपूर १९५६. नामांतर १९७८. ते बरोबरच आहे. त्या तारखा आपल्याला फुकट मिळालेल्या नाहीत. पण दोस्तांनो, दोन तारखांच्या मधल्या दिवसांत आपल्या आया काय शिजवत होत्या, पीठ कुणाकडं उसनं मागत होत्या, कुणाच्या हातचं पाणी पीत होत्या आणि कुणाच्या हातचं पीत नव्हत्या, हे कुणी लिहिलं नाही. प्रस्थापित इतिहासकारांनी लिहिलं नाही, त्यांच्याकडून अपेक्षाही नव्हती. पण आपणही लिहिलं नाही. म्हणून मी एका शेगडीबद्दल लिहितो. ती शेगडी आमची नव्हती, शेजारच्या ख्रिस्ती बाईची होती.

गाव पूर्णा, जिल्हा परभणी. मनमाड-काचीगुडा लाईनीवरचं जंक्शन, इथूनच हिंगोलीवरून अकोला-खंडव्याकडं लाईन फुटते. तेव्हा सगळी छोटी लाईन, सगळी कोळशाची इंजिनं. माझा बाप लोकोशेडमध्ये खलाशी. रेल्वे कॉलनी म्हणजे गावातच एक वेगळं गाव होतं. तेलुगू बोलणारे, उर्दू बोलणारे, आमच्यासारखे बौद्ध, आणि थोडी ख्रिस्ती घरं. गावात विहीर वाटलेली होती, पण कॉलनीत नळ एकच. नळाला जात कळत नाही. बाया मात्र नळापाशी सुद्धा कळशा थोड्या दूर ठेवायच्या.

ती बाई दवाखान्यात नर्स होती. सगळी कॉलनी तिला सिस्टरबाई म्हणायची. नवरा गाडीवर गार्ड, आठवड्यातले चार दिवस लाईनीवर. चार लेकरं. कधी डे, कधी नाईट. नाईट करून आली की डोळ्यांत झोप घेऊनच शेगडी पेटवायची, लेकरांना न्हाऊ घालायची, ज्वारीच्या भाकरी थापायची, तव्यावरच मिरच्या-शेंगदाणे भाजून खलबत्त्यात ठेचा करायची, आणि मग दोन तास झोपायची. त्या दोन तासांत तिची धाकटी आमच्या घरी असायची. माझी माय लोकोशेडच्या राखेतून अर्धवट जळालेले कोळसे वेचायची. त्यातलं एक घमेलं सिस्टरबाईच्या दारात जायचं. त्या बदल्यात आमच्या घरातल्या तापाला गोळी, फोडाला पट्टी, आणि मायच्या दोन बाळंतपणांना सिस्टरबाईचे हात. मैत्री अशीच सुरू झाली. कोळसा आणि टिंक्चर. पुढं वाट्या सुरू झाल्या. तिकडून वाटीत येसराची आमटी यायची. वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून इकडून अंबाडीची भाजी जायची. नाताळात करंज्या, आणि बेकरीच्या भट्टीत भाजून आणलेला केक. चौदा एप्रिलला आमच्याकडची खीर.

आजी मात्र त्या वाटीतलं खायची नाही. माझी आजी, जिनं १९५६ नंतर घरातले देव पाण्यात सोडले, जी बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणायची. ती म्हणायची, "किरिस्ताव झाली म्हणून मूळ जातंय व्हय? मांगाचीच ना ती." आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. हे मी लाज वाटते म्हणून लिहितो.

आता सिस्टरबाईच्या मुळाकडं येतो, कारण इतिहास तिथंच आहे. तिची आजी जालन्याजवळच्या बेथेलची. तुमच्यातल्या किती जणांनी बेथेलचं नाव ऐकलंय? जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथं स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं काम एकोणिसाव्या शतकाच्या साठाव्या दशकात नारायण शेषाद्री या माणसानं उभं केलं. नारायण शेषाद्री जन्मानं ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाला. जालन्याच्या परिसरात त्याच्याकडं आली ती मुख्यतः मांग माणसं. सालारजंगाच्या कारभारात जमीन मिळाली आणि तिच्यावर बेथेल हे गाव वसलं. गावकुसाबाहेर जन्मलेल्यांचं, स्वतःचं गाव. १८७३ साली हाच नारायणराव न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत पागोटं बांधून उभा राहिला होता.

पण त्याच्या घरातली दुसरी एक गोष्ट जास्त गाजली. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा-एक वर्षांचा. तोही मिशनऱ्यांच्या घरी राहिला, तिथं जेवला. बाप कोर्टात गेला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टानं पोरगा बापाच्या हवाली केला. मग प्रश्न उभा राहिला : हा परक्यांच्या घरी जेवलाय, ह्याला जातीत घ्यायचं की नाही? त्या एका पोराच्या जेवणावरून मुंबईचा ब्राह्मणवर्ग दुभंगला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं अशी बाजू घेतली, तर त्यांनाच शिव्याशाप खावे लागले. वर्तमानपत्रं भरली, पुढं ग्रंथांत प्रकरणं लिहिली गेली.

एका ब्राह्मण पोरानं परक्याच्या घरी चार घास खाल्ले, त्याचा इतिहास झाला. बेथेलच्या मांग बाया पहिल्यांदा स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटात, कुणी वरून टाकलेलं नव्हे तर आपण पिकवलेलं जेवल्या, त्याचा इतिहास कुठाय? मिशनच्या अहवालांत किती बाप्तिस्मे झाले ते आकड्यांत असतं. त्या दिवशी काय शिजलं ते नसतं.

ख्रिस्ती घराच्या चुलीचा इतिहास मराठीत नाहीच असं नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली नसतील तर वाचा, मिळेल तिथून मिळवा. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पाच वर्षं मागं राहिल्या. नवऱ्यापाशी राहायला आल्या तरी आधी स्वतःचं सोवळं, स्वतःचा वेगळा स्वयंपाक. हळूहळू ते गळून पडलं आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढं त्यांच्या घरी माणसांची रीघ. नवरा पगार हातात आला की वाटून टाकणारा, घरात दुसऱ्यांची पोरं वाढायला, बालकवी ठोमऱ्यांसारखा पोरगा मुक्कामाला, आणि या सगळ्यांना वाढणारी ही एक बाई. स्वतःच्या सोवळ्याची टिंगल स्वतःच करण्याची हिंमत तिच्यात आहे. ही हिंमत आपल्या पुढाऱ्यांच्या आत्मचरित्रांत मला फारशी दिसली नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. लक्ष्मीबाई खाली उतरून सगळ्यांच्या पंगतीला आल्या, म्हणून ते पुस्तक झालं. सिस्टरबाईच्या आजीला उतरायला पायरीच नव्हती.

आणि त्याही आधी, १८५५ साली, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग पोरीनं निबंध लिहिला. तो छापला 'ज्ञानोदय'नं, म्हणजे मिशनच्याच पत्रानं. आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्पर सुद्धा नसतं, हे तिनं लिहिलं. आणि शीर्षकातच मांग आणि महार ही दोन नावं तिनं एका ओळीत ठेवली. आम्ही सव्वाशे वर्षांनंतरही दोन वाट्या एका फडताळात ठेवत नव्हतो.

बाबासाहेबांनी मिशनऱ्यांना सोडलेलं नाही. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचे त्यांचे इंग्रजी लेख त्यांच्या हयातीत छापले गेले नव्हते, ते महाराष्ट्र शासनाच्या पाचव्या खंडात १९८९ साली आले. ख्रिस्ती झालेल्यांच्यातली जात ख्रिस्ती धर्मानं मोडली नाही, हा त्यांचा आरोप आहे. आपल्यातले काही कार्यकर्ते हे वाचून खूश होतात. आपण बौद्ध झालो, आपली मोडली, असं समजतात. त्यांनी माझ्या आजीला भेटायला हवं होतं.

कागदाचीही एक गंमत आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात लिहिलं होतं की हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीत धरला जाणार नाही. १९५६ मध्ये शिखांना आत घेतलं, बौद्धांना १९९० मध्ये. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर राहिले. त्यांचा प्रश्न तपासायला २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. रेल्वे केंद्र सरकारची. म्हणून माझा बाप घरात बौद्ध आणि सर्व्हिस बुकात हिंदू महार. सिस्टरबाई घरातही ख्रिस्ती आणि कागदावरही ख्रिस्ती. बाप तिला एकदा म्हणाला, "बाई, तुम्हीबी मांग लिवा की, लेकरांचं कल्याण होईल." ती म्हणाली, "रविवारी एक आन सोमवारी एक, मला नाय जमत." बाप गप्प बसला. तो घाव त्याला लागला असावा, कारण ते वाक्य तो नंतर स्वतःच सांगत असे.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. परभणी, नांदेड, सगळीकडं वस्त्या जाळल्या. मार मुख्यतः बौद्धांवर होता. मांग-चांभार वस्त्यांना बहुतेक ठिकाणी हात लावला नव्हता. मी तेव्हा बारावीला. मामाच्या गावची नऊ माणसं रात्रीच्या गाडीनं पूर्णेला उतरली, अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यात एक ओली बाळंतीण. आमची एक खोली. सिस्टरबाई ड्युटीवरून आली, दारात उभी राहून मोजलं, आणि म्हणाली, "बाळंतीण मपल्याकडं. लेकरं मपल्याकडं. म्हातारी बी." तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं दार लावून घेतलं असतं तर कुणी नावही ठेवलं नसतं.

पंधरा दिवस ती शेगडी विझली नाही. मोठ्या जर्मनच्या पातेल्यात तुरीचं वरण, परातभर भाकरी. पीठ संपलं तेव्हा तिनं कॉलनीतल्या तेलुगू ख्रिस्ती घरांतून तांदूळ गोळा करून आणला. बाळंतिणीला बाजरीची घाटी, डिंक कुठून आणला देव जाणे. माझी आजी पहिला दिवस उपाशी बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरबाईनं तिच्यापुढं ताट ठेवलं आणि काही न बोलता दवाखान्यात निघून गेली. आजीनं भाकर मोडली. मी पाहिलं. बरीच वर्षं मी भाषणांत हा प्रसंग सांगत आलो. इथंच थांबायचो, टाळ्या पडायच्या.

पुढचं सांगत नव्हतो. ते आज सांगतो.

माझा थोरला भाऊ आणि सिस्टरबाईची मोठी पोरगी. १९८४ साल. पोरगी नर्सिंग शिकून आलेली, भाऊ रेल्वेतच लागलेला. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त १९३६ मध्येच लिहून ठेवलंय की सहभोजनानं जात मरत नाही, खरा उपाय मिश्रविवाह. आमच्या घरात ते पुस्तक होतं. बाप संध्याकाळी 'मुक्ती कोन पथे' मोठ्यानं वाचायचा, चार माणसं ऐकायला यायची. तोच बाप म्हणाला, "जेवणं येगळं, सोयरीक येगळी." त्यांच्याकडच्या वडीलमंडळींनीही आधी बाप्तिस्मा घ्या म्हणून सांगितलं. एकटी सिस्टरबाई म्हणाली, "कामून धर्म मधी आणता? कोर्टात जाऊन सही करू द्या पोरांना." विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे, तो तिला ठाऊक होता. आम्हा कार्यकर्त्यांना तो भाषणापुरता ठाऊक होता. मी त्या वर्षी परभणीत जातिअंताच्या शिबिरात बोललो होतो. घरात मी एक शब्द बोललो नाही. भाऊ माझ्याकडं बघत होता, हे मला दिसत होतं.

दोघांची लग्नं आपापल्यात झाली. भांडण झालं नाही, शिवीगाळ नाही. फक्त वाट्या बंद झाल्या. माय अजून कोळशाचं घमेलं तिच्या दारात ठेवायची, ती अजून गोळ्या द्यायची. पण शिजवलेलं अन्न इकडून तिकडं जाईना. तिची एक पितळी वाटी आमच्याकडं राहून गेली. माय ती घासून फडताळात ठेवायची, वापरायची नाही.

मग कोळशाची इंजिनं गेली, छोट्या लाईनीची मोठी लाईन झाली, बाप रिटायर झाला. सिस्टरबाई नोकरी संपवून जालन्याला लेकाकडं गेली. १९९४ च्या १४ जानेवारीला नामविस्तार झाला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात माय मला म्हणाली, जालन्याला चल. तिनं ती वाटी धुऊन, घरी कुटलेल्या येसरानं काठोकाठ भरून, वरून फडकं बांधून घेतली होती. गाडीभर ती मांडीवर धरून बसली. स्टेशनावर उतरल्यावर मी रिक्षा करून दिली, पत्ता सांगितला. मी सोबत गेलो नाही. काम आहे म्हणालो. काम काही नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीला माय आली. हातात तीच वाटी, तेच फडकं. मी उघडून पाहिलं नाही. गाडी परतूर सोडून पुढं निघाल्यावर तिनं स्वतःच गाठ सोडली आणि वाटी माझ्यापुढं धरली. आत शेंगदाण्याची चटणी होती, आणि खाली रुमालात दोन भाकरी. "तुला दिलंय," माय म्हणाली. "इचारत होती, त्यो कामून नाय आला म्हणून."