कळलावी : एका वेलीवरचा आळ

१/ श्रावण-भाद्रपदात कोकणातील कुंपणांवर एक वेल पेटल्यासारखी फुलते. संस्कृतात ती अग्निशिखा, मराठीत कळलावी. ‘ही दारी लावली की घरात भांडणे होतात’ ही समजूत आजही ऐकू येते. हा आळ आला कुठून?

२/ मराठीत ‘कळ’ म्हणजे वेदना. आणि ‘कळ लावणे’ म्हणजे भांडण पेटवणे. वेलीचे नाव प्रसूतीच्या कळांवरून पडले. समजुतीने मात्र दुसरा अर्थ उचललेला दिसतो.

३/ अडलेल्या प्रसूतीत हिच्या कंदाचा लेप बाहेरून लावण्याचा उपाय आयुर्वेदीय ग्रंथांत येतो. भावप्रकाशात हिचे एक नाव ‘गर्भनुत्’ आहे. नांगरासारख्या कंदामुळे ती ‘लांगली’ही ठरली. तिची गणना मात्र उपविषांत होते.

४/ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला ‘होर्तुस मलाबारिकुस’चे १२ खंड निघाले. त्यात ही वेल ‘मेन्दोनी’ या नावाने आली. या ग्रंथाला इट्टी अच्युतन वैद्यांबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी विद्वानांचे साहाय्य होते. १७५३ मध्ये लिनियसने तिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ म्हटले.

५/ आज ती झिंबाब्वेचे राष्ट्रीय, तर तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे.

६/ तिचे विष म्हणजे कोल्चिसीन. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी ते कोल्चिकम या युरोपीय वनस्पतीतून वेगळे केले. गाउटवर ते आजही दिले जाते. पण प्राणघातक मात्रा औषधी मात्रेपासून फार दूर नसते. रताळे समजून हा कंद खाल्ल्याने मृत्यू ओढवले आहेत. औषधासाठी रानातील कंद खणले गेल्याने अनेक ठिकाणी वेल विरळ झाली.

७/ म्हणूनच परसबागेला महत्त्व. पावसाच्या तोंडाशी, पाणी न साचणाऱ्या मातीत कंद आडवा, दोन-तीन इंच खोल लावावा. कोंब त्याच्या टोकाशी असतो. टोक मोडले की ती फांदी फुटत नाही. पानांची टोकेच ताणे होऊन आधार धरतात, म्हणून बारीक काटक्या पुरतात. हिवाळ्यात वेल वाळते, पण कंद जिवंत असतो. तेव्हा पाणी थांबवावे. पुढच्या पावसात ती पुन्हा उगवते. कंद रानातून न खणता रोपवाटिकेतून घ्यावा. मुले व गुरे यांच्यापासून वेल दूर ठेवावी आणि कंद हाताळल्यावर हात धुवावेत.

८/ कळलावीपासून जपायचे ते तिच्या विषामुळे. भांडणाचा आळ केवळ एका शब्दाच्या दोन अर्थांचा आहे.