ठिपका, तारका आणि बाण

नाटकाच्या वेळी विंगेत उभा राहून नटांना वाक्ये पुरवणारा प्रॉम्प्टर आपल्या परिचयाचा आहे. संगणकाच्या परिभाषेतला 'प्रॉम्प्ट' हा शब्द त्याच घरातला. फरक असा, की संगणक वाक्य पुरवत नाही. 'माझे काम झाले, आता बोलण्याची पाळी तुमची' एवढेच तो एका लहानशा चिन्हाने सांगतो. हे चिन्ह पडद्यावर दिसेपर्यंत थांबायचे आणि दिसले की आज्ञा टंकायची, हा संगणकाशी संवादाचा जुना शिष्टाचार आहे.

शाळेचे जनरल रजिस्टर संगणकावर नेले, की त्याचा डेटाबेस होतो. अशा डेटाबेसला प्रश्न विचारण्यासाठी एसक्यूएल ही भाषा वापरतात. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधारित डेटाबेसच्या कल्पनेवरून आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ती सादर केली. १९८६ मध्ये तिचे अमेरिकी प्रमाणक ठरले. मग भाषा एक असताना एका प्रणालीत ठिपका, दुसऱ्या प्रणालीत तारका आणि तिसऱ्या प्रणालीत बाण का दिसतो? कारण प्रमाणकाने भाषेचे व्याकरण ठरवले. ती ज्या खिडकीतून बोलायची, ती खिडकी कशी असावी हे ठरवले नाही. शिवाय काही खिडक्या प्रमाणकाच्या आधीच बांधल्या गेल्या होत्या.

एकटा ठिपका

अमेरिकेतील पासाडेना येथील जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरच्या लहान संगणकावर 'व्हल्कन' नावाची प्रणाली लिहिली. तिचा नमुना होता प्रयोगशाळेतील मोठ्या संगणकावरची एक माहितीप्रणाली. पुढे ॲश्टन-टेट या कंपनीने व्हल्कन 'डीबेस टू' या नावाने बाजारात आणली. 'डीबेस वन' कधी नव्हतीच!

डीबेस सुरू केली, की पडद्यावर फक्त एक ठिपका उमटे. त्याला 'डॉट प्रॉम्प्ट' म्हणत. ना यादी, ना सूचना. कोणती आज्ञा द्यायची हे वापरणाऱ्याला आधी ठाऊक असले पाहिजे. नवशिक्या माणसाला हा ठिपका बुचकळ्यात टाकी. म्हणून पुढच्या आवृत्त्यांत 'असिस्ट' नावाची निवडयादी आली. तरी सरावलेली मंडळी ती यादी बंद करून ठिपक्याकडेच परतत. आपल्याकडे ज्यांनी त्या काळात संगणकाचे वर्ग केले, त्यांतील अनेकांची डेटाबेसशी पहिली ओळख याच ठिपक्याने झाली.

बर्कलेची तारका

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विभागात १९७३ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी 'इन्ग्रेस' हा प्रकल्प सुरू केला. तिथे आज्ञा घेणाऱ्या कार्यक्रमाला 'टर्मिनल मॉनिटर' असे नाव होते आणि त्याचे चिन्ह होते तारका. प्रश्न कितीही ओळींत लिहावा. तो एका कप्प्यात साठत राही. उलटी तिरपी रेघ आणि त्यापुढे 'जी' हे अक्षर टंकले, की तो रवाना होई. 'जी' म्हणजे 'गो', चला!

हे 'जी' अक्षर फार चिवट निघाले. स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये 'पोस्टग्रेस' हा पुढचा प्रकल्प हाती घेतला. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी त्यात एसक्यूएल आणली आणि 'पीएसक्यूएल' हा नवा कार्यक्रम जोडला. त्यात तारका गेली, पण 'जी' राहिले. १९९५ मध्ये स्वीडनमध्ये निर्माण झालेल्या मायएसक्यूएलनेही ते स्वीकारले. आज्ञा अर्धविरामाने किंवा 'जी'ने संपवावी, असे तिचा स्वागताचा संदेश आजही सांगतो. त्याच संदेशात स्वतःला ती 'मॉनिटर' म्हणवते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

इन्ग्रेसवर काम केलेले बॉब एपस्टाइन पुढे सायबेस कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. सायबेसच्या कार्यक्रमात प्रत्येक ओळीपूर्वी १, २, ३ असे आकडे बाणासह येतात आणि शेवटी स्वतंत्र ओळीवर 'गो' लिहावे लागते. मायक्रोसॉफ्टची एसक्यूएल सर्व्हर ही प्रणाली सायबेसच्या सहकार्यातून जन्मली, म्हणून तिथेही हीच पद्धत आहे. गंमत अशी, की 'गो' हा शब्द एसक्यूएल भाषेत नाहीच. तो केवळ खिडकीवरच्या माणसासाठी दिलेला इशारा आहे.

एकच वस्तू, अनेक नावे

ऑरेकलने आपल्या खिडकीला सुरुवातीला 'यूजर फ्रेंडली इंटरफेस' म्हटले. पुढे तिचेच 'एसक्यूएल प्लस' झाले. आयबीएमच्या डीबीटूमध्ये ती 'कमांड लाइन प्रोसेसर' आहे, पोस्टग्रेसमध्ये 'संवादी टर्मिनल', तर २००० साली आलेल्या एसक्यूलाइटमध्ये 'शेल'. बोलताना या सगळ्याला सरसकट 'प्रॉम्प्ट' म्हटले जाते. पण तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे बरे. प्रॉम्प्ट म्हणजे केवळ चिन्ह. ते दाखवणारा कार्यक्रम वेगळा. आणि प्रत्यक्ष माहिती सांभाळणारी प्रणाली त्याहून वेगळी. ती बहुधा दुसऱ्याच संगणकावर, कदाचित दुसऱ्या शहरात असते. बँकेची खिडकी म्हणजे तिजोरी नव्हे, तसेच हे. एसक्यूलाइटमध्ये मात्र खिडकी आणि तिजोरी एकाच कार्यक्रमात असतात.

चिन्ह वाचायला शिकणे

सीबीएसईच्या बारावीच्या संगणकशास्त्रात मायएसक्यूएल शिकवतात. तिथे नेहमी घडणारा प्रकार असा: विद्यार्थी आज्ञा टंकतो, एंटरची कळ दाबतो, आणि काहीच घडत नाही. 'सर, संगणक अडकला!' पण पडद्याकडे नीट पाहिले, तर 'मायएसक्यूएल' या शब्दाच्या जागी नुसता आडवा बाण आलेला असतो. त्याचा अर्थ, 'वाक्य अपुरे आहे, मी ऐकतो आहे.' अर्धविराम दिला, की उत्तर हजर. बाणाऐवजी अवतरणचिन्ह दिसले, तर कुठेतरी उघडलेले अवतरण मिटायचे राहिले आहे. संगणक अडकलेला नाही. तो आपली चूक नेमकी दाखवतो आहे.

पोस्टग्रेसचे चिन्ह याहून बोलके आहे. त्यात आपण कोणत्या डेटाबेसमध्ये आहोत त्याचे नाव असते. सामान्य वापरकर्त्याला शेवटी > असे चिन्ह दिसते, तर सर्वाधिकार असणाऱ्याला # असे. हा # युनिक्समधील सर्वाधिकाऱ्याच्या जुन्या खुणेचा वारस आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत व्यवहार सुरू असून अजून कायम केलेला नसेल, तर तारका उमटते. म्हणजे बर्कलेची तारका परतली, पण निराळा अर्थ घेऊन.

हा तपशील क्षुल्लक नाही. नोंदी पुसण्याच्या आज्ञेत 'कोणत्या' ही अट लिहायची राहिली, तर कोष्टकातल्या सर्व नोंदी जातात. तारका दिसत असेल, तर ते मागे घेता येते. नसेल, तर या प्रणालीत पुसलेले त्याच क्षणी कायम झालेले असते. मग राखीव प्रत हाच आधार. डेटाबेस चाचणीचा आहे की खऱ्या कामाचा, आपले अधिकार किती, व्यवहार उघडा आहे की मिटलेला, हे सर्व त्या चार-दोन अक्षरांत लिहिलेले असते.

तेव्हा एसक्यूएल शिकवताना पहिला तास आज्ञांना न देता या चिन्हाला द्यावा, असे आम्ही सुचवू. मुद्दाम अर्धविराम गाळावा, मुद्दाम अवतरण उघडे ठेवावे, आणि चिन्ह कसे बदलते ते विद्यार्थ्यांना वहीत टिपू द्यावे. आज्ञा पुस्तकात पाहता येतात. समोरचा काय सांगतो आहे हे पाहून मगच बोलण्याची सवय मात्र वर्गातच लागते.