सोळाशेचा मैल

पहाटे पाचच्या सुमारास सातारा-सांगलीकडच्या एखाद्या गावाबाहेर उभं राहावं. अंधारातच पोरं डांबरी रस्त्यावरून पळत असतात. कडेला मोबाइलवर वेळ लावून एखादा दादा ओरडत असतो, बहुधा भरतीचं वय निघून गेलेला. सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा: सोळाशे. सैन्यभरतीत 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर 60 गुण. एक सेकंद वर गेला की 48. दहा बीम, म्हणजे पुल-अप, मारले की आणखी 40. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग नुसते पार करायचे. पोलिस भरतीतही मुलांना सोळाशेच. ज्या आकड्यावर इतक्या घरांची आशा टांगलेली असते तो आला कुठून, हे शोधावंसं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

सोळाशे म्हणजे मैल. इंग्रजी मैल 1609 मीटरचा. किलोमीटरचा हिशेब आला तेव्हा वरचे नऊ मीटर गळाले आणि ट्रॅकचे चार राऊंड उरले. पण मैलाचं मूळ इंग्लंडातही नाही. लॅटिनमध्ये ‘मिले पास्सूस’ म्हणजे हजार पावलं. डावा पाय उचलल्यापासून तोच पुन्हा टेकेपर्यंतचं अंतर म्हणजे एक पाऊल. रोमन सैन्य रस्ते बांधत आणि त्यांवरून चालत जगभर पसरलं, आणि त्याच पावलांचं हे माप.

त्या सैन्याची कसोटीही लिहून ठेवलेली आहे. व्हेजेशियस हा रोमन साम्राज्याच्या उतरणीच्या काळातला लेखक. जुनी शिस्त गेली, याची खंत त्याच्या ग्रंथात जागोजागी दिसते. तो सांगतो, नव्या शिपायाने उन्हाळ्यातल्या पाच तासांत वीस मैल चालावं, झपझप पावलांनी चोवीस. रोमन तास दिवसाच्या लांबीप्रमाणे ताणला जाई, म्हणजे हे सहा तासांहून जास्त चालणं झालं. शिवाय साठ रोमन पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे वीस किलो, ओझं वाहण्याचा सराव. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: कोण पहिला आला याला इथे किंमत नाही. सगळ्यांनी एका चालीने, ओझ्यासकट, एकत्र पोहोचायचं. मागे रेंगाळणाऱ्याला शत्रू गाठतो, ही त्याची भीती होती.

पुढे कित्येक शतकं सैन्याने शिपायाला पळवून पाहिलं नाही, भिंतीशी उभं करून मोजलं. लांब नळीच्या बंदुकीत तोंडाकडून बार ठासायचा, तर उंच माणूस सोयीचा. शरीर घडवायचं असतं, हे इंग्रजांना क्रिमियाच्या युद्धातल्या दैनेनंतर उमगलं. 1860 साली बारा निवडक शिपाई ऑक्सफर्डला आर्चिबाल्ड मॅक्लारेन यांच्या व्यायामशाळेत धाडले गेले. मॅक्लारेन यांनी त्यांची छाती, दंड, वजन आधी आणि नंतर नोंदवून ठेवलं. काही महिन्यांतच त्यातल्या कित्येकांना स्वतःचे कोट कुणाच्या मदतीशिवाय अंगात घालता येईनात. तालमीतल्या वस्तादाला जे डोळ्यांनी दिसतं, ते इथे कागदावर उतरलं.

छातीच्या मापाची कथा थोडी आधीची. 1817 साली छापलेली पाच हजारांहून अधिक स्कॉटिश शिपायांच्या छात्यांची मापं बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञाच्या हाती लागली. सरासरी चाळीस इंचांच्या आसपास, दोन्ही बाजूंना उतरत जाणारी घंटेसारखी रेघ. सरासरी म्हणजेच निसर्गाच्या मनातला माणूस, असं त्याने मानलं. आपल्या भरतीत 77 सेंटिमीटरची छाती पाच सेंटिमीटर फुगवायची, त्यामागे मापांवरचा तोच विश्वास आहे.

पण माप खरोखर कशासाठी वापरतात, ते 1914 साली उघडं पडलं. ऑगस्टमध्ये ब्रिटिश फौजेत शिरायला पाच फूट तीन इंच उंची पुरे होती. स्वयंसेवकांची इतकी झुंबड उडाली की सप्टेंबरात ती एकदम पाच फूट सहा केली. ओघ आटला तशी ऑक्टोबरात पाच फूट चार, नोव्हेंबरात पुन्हा तीन. मग त्याहूनही बुटक्यांच्या वेगळ्या ‘बॅंटम’ पलटणी उभ्या राहिल्या. चार महिन्यांत माणसं बदलली नव्हती, लढाईही तीच होती. धरणाचा दरवाजा खाली-वर झाला होता.

महाराष्ट्राने हा दरवाजा फार कडवटपणे पाहिला आहे. भीमा कोरेगावच्या लढाईच्या स्मारकस्तंभावर ज्यांची नावं कोरली, त्या महारांची भरती 1890 च्या दशकात ‘लढाऊ जाती’च्या नावाखाली बंद झाली. उंची, छाती, दम, कशाचाच उपयोग नव्हता. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, 1917 साली, 111 वी महार पलटण उभी राहिली आणि 1921 साली मोडली. महार रेजिमेंट आली ती 1941 साली, पुन्हा युद्धातच.

धावण्याला शास्त्राचा आधार मिळाला तो 1968 साली. अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांनी 115 जणांना बारा मिनिटं पळवलं आणि प्रयोगशाळेत त्यांचा प्राणवायूचा वापर मोजला. दोन्हींचा मेळ चांगला बसला, आणि महागड्या यंत्राविना रिकाम्या मैदानावर हृदय-फुप्फुसांची ताकद जोखता येऊ लागली. त्याच परंपरेतली दीड मैलांची धाव, म्हणजे 2.4 किलोमीटर, आपल्या जवानांच्या नेहमीच्या चाचणीत आहे.

भरतीच्या सकाळी मात्र त्या पोराला शेकडोंच्या गर्दीत, कोपरं खात, रिकाम्या हाताने पळायचं असतं. शेजारचा मागे पडला तर त्याचा फायदाच. निवड होऊन पलटणीत गेल्यावर त्याची आणखी एक परीक्षा होते: पाच किलोमीटर, पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन.