डबलसीटचा दंड आणि सुट्टीचा हक्क : पेण ते रोहा, सायकलवरून

१/
१९३६ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतील रस्त्यांवर एक नवे दृश्य दिसू लागले. एकाच सायकलीवर पुढे नवरा, मागे बायको. दोघांसाठी स्वतंत्र बैठक, स्वतंत्र पायडल आणि मागे बांधलेले तंबूचे गाठोडे. या दुहेरी सायकलीला टँडेम म्हणतात. ती काही नवी नव्हती. नवे होते ते तिच्यावर बसलेले लोक. ते कारखान्यांतले कामगार होते.

२/
त्याच वर्षीच्या मे-जूनमध्ये फ्रान्समधील लाखो कामगारांनी कारखान्यांतच ठाण मांडून संप केला होता. लेऑं ब्लूम यांच्या सरकारने २० जून १९३६ रोजी पगारी रजेचा कायदा केला : वर्षाकाठी दोन आठवडे सुट्टी, तीही पूर्ण वेतनासह. तोवर बहुसंख्य मजुरांसाठी सुट्टी म्हणजे बुडालेला रोज. पाठोपाठ आठवड्याला ४० तास कामाचा कायदा आला. जोडप्याने सायकलवरून एक दिवस निरुद्देश भटकावे, यामागे असा मोठा संघर्ष उभा होता.

३/
नेमक्या त्याच वर्षांत आपल्याकडे, तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यात, कुळांचा संप चालू होता. त्या गावाकडे जाणारा फाटा पेण-रोहा वाटेवरच लागतो. पेण ते रोहा हे अंतर चाळीसेक किलोमीटरचे. सकाळी निघालेले जोडपे वाटेत रेंगाळत, थांबत, दुपार टळता टळता रोह्याला सहज पोहोचते. या वाटेकडे फ्रान्सच्या त्या उन्हाळ्याच्या नजरेने पाहिले, तर बरेच काही दिसते.

४/
जोडप्याच्या सायकलप्रवासाला मराठीत स्वतःचा शब्द आहे : डबलसीट. एक पायडल मारणार, दुसरे कॅरियरवर किंवा पुढच्या दांडीवर बसणार. गंमत अशी की अनेक शहरांत डबलसीट जाणे हा दंडपात्र गुन्हा होता. नगरपालिकेचा कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला हवा, रात्री दिवा हवा आणि सायकलीवर माणूस एकच हवा. पोलीस दिसताच मागच्याने टुणकन उडी मारायची, ही जुन्या पिढीची सामायिक आठवण. टँडेमवर बायकोही पायडल मारते; डबलसीटमध्ये ती बहुधा बसलेली असते. फरक केवळ सायकलीच्या घडणीचा नाही.

५/
दोघांनी आपापल्या सायकलींवरून भारत पालथा घातल्याचे ठळक उदाहरण त्याआधीचे आहे. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन दांपत्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आले. मंदिरे, लेणी, पठारे पाहत केलेल्या या भ्रमंतीवर त्यांनी १९०४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच १४,००० मैलांचा उल्लेख आहे. पुढे १९१२ मध्ये याच फॅनीबाईंनी काराकोरमच्या हिमनदीवर ‘स्त्रियांना मताधिकार’ असा फलक हाती धरून छायाचित्र काढून घेतले. पण वर्कमन सधन होते. त्यांना सवड कोणाकडे मागावी लागली नव्हती.

६/
पेणमधून निघण्यासाठी हिवाळा बरा. गणेशोत्सवापूर्वीचे महिने टाळावेत. मूर्तींच्या कारखान्यांत तेव्हा कोणालाच उसंत नसते आणि पाऊस सायकलस्वाराला सोडत नाही. याच तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. भूदानासाठी सारा देश तुडवताना त्यांनी सायकलही जवळ केली नाही. ते पायीच चालले. सावकाशीचा प्रवास म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार!

७/
पुढे वडखळ. येथे वाट फुटते : एक नागोठण्याकडे, दुसरी पोयनाडमार्गे अलिबागला. या दुसऱ्या वाटेच्या परिसरात चरी हे गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तेथे भरलेल्या सभेत कुळांनी ठरवले की खोतांची जमीन कसायचीच नाही. नेते होते नारायण नागू पाटील. पिकाचा मोठा वाटा खोताकडे, शिवाय वेठ आणि नाना प्रकारचे बाब; कसणाऱ्याच्या हाती उरणार काय?

८/
संप १९३९ पर्यंत चालला. पंचवीस गावांतील शेते पडीक राहिली. लोकांनी लाकूडफाटा विकला, मिळेल ती मजुरी केली, अर्धपोटी दिवस काढले. पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले.

९/
पॅरिसचा कामगार टँडेमवर तंबू बांधत होता, तेव्हा चरीचा शेतकरी तिसरे उपाशी वर्ष काढत होता. दोघेही संपकरीच. एकाला दोन आठवड्यांची रजा मिळाली. दुसऱ्याची मागणी त्याच्याही कितीतरी अलीकडची होती : स्वतः पिकवलेले भात स्वतःच्या घरात यावे. वेठीला ‘नाही’ म्हणता येणे, ही येथल्या सुट्टीची पहिली पायरी होती. कोकणात सायकल पुढे गावोगाव पोहोचली ती पोस्टमन, पाववाला, दूधवाला, मास्तर यांच्याबरोबर, कामाला जुंपलेली. तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलीवर मुलांनी मारलेली चक्कर, एवढीच तिची चैन.

१०/
वडखळ ते नागोठणे हा टप्पा मात्र रमतगमत जाण्याचा राहिलेला नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर भागाचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. अवजड वाहनांची रांग, धूळ, खड्डे. सायकलस्वारांनी हा भाग पहाटेच उरकावा.

११/
नागोठण्याला अंबा नदीवर जुना दगडी पूल आहे. तो १५८० च्या सुमारास, निजामशाहीच्या काळात, चौलच्या काझी अलाउद्दीन याने बांधला असे सांगितले जाते. कमानी भक्कम, माथा अरुंद. घोडदळासाठी आणि मालाच्या तांड्यांसाठी उपयोगी पडलेला हा पूल शेजारी-शेजारी चालणाऱ्या दोन सायकलींना अगदी बेताचा आहे. पूर्वी खाडीतून मुंबईची जलवाहतूक येथवर येई; पुलाशी थांबले की बंदर आणि घाटवाटा यांचा सांधा ध्यानी येतो. येथे घटकाभर बसावेच. डबा उघडायलाही याहून चांगली जागा नाही.

१२/
नंतर भिसे खिंड. चढावर गिअर नसलेली सायकल हाती धरून चालावे लागते, आणि त्यात काहीच कमीपणा नाही. उतारानंतर अवचितगडाचा डोंगर आणि मग कुंडलिकाकाठचे रोहा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण येथे गेले. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० मध्ये येथलाच.

१३/
कोकण रेल्वेचा मार्गही रोह्यापासूनच पुढे सुरू होतो. २६ जानेवारी १९९८ पासून त्या संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. पण पेणच्या जोडप्याला उलट दिशेला जायचे असते. कुंडलिकेच्या काठी चहा घ्यावा, स्टेशनात सायकलींची लगेजची पावती करावी आणि दिव्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहावी. सकाळपासून कापलेले सारे अंतर ती तासाभरात मागे टाकते.